निळो खंय असता समुद्र!

दिवाळी सरली, की ग्वाल्हेरात आमच्या घरी माळ्यावरून लोकरीची पिशवी खाली येते. यंदा ठरवलं होतं, सासूबाईंसाठी समुद्राचा स्वेटर विणायचा. त्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन इथे आल्या त्याला साठ वर्षं होतील. आता गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास होत नाही, आणि काचबिंदूने नजरही बरीचशी नेली आहे.

मी हौसेने निळ्याच्या तीन छटा आणल्या, फेसासाठी पांढरी फुलारलेली लोकर आणली. वीतभर नमुना विणून त्यांच्या हातात दिला.

"रंग कोणता गो?"

"निळा, आई."

"निळो खंय असता समुद्र!" त्या हसल्या. पावसात तो चहासारखा गढूळ, नारळी पौर्णिमेनंतर हिरवट, दिवेलागणीला राखाडी. निळा फक्त कॅलेंडरावर. मग नमुन्यावर बोटं फिरवून म्हणाल्या, "ह्यात काही लागत नाही हाताला."

चूक माझीच होती. दिसतच नाही त्यांना, तर रंगांचा खेळ कोणासाठी मांडला होता मी?

तेव्हा इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे स्वेटर आठवले. त्यांना 'गॅन्सी' म्हणतात. एकाच गडद रंगाची, घट्ट पिळाची लोकर आणि नक्षी मुख्यतः सुलट-उलट टाक्यांची: दोरखंड, शिडी, जाळं, माशाचा काटा. (बुडालेला खलाशी स्वेटरच्या नक्षीवरून ओळखत, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती बहुधा सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकावरून पसरली, आणि तिथेही ओळख पटते ती मोज्यावरून!) लोकर फुलारलेली असली, की उलट टाके तिच्यात बुडून जातात. घट्ट पिळाची असेल तर ते उठून दिसतात, आणि आमच्या कामाचं म्हणजे बोटांना लागतात.

मग निळे गुंडे बाजूला पडले आणि राखाडी-हिरवी लोकर आली. गॅन्सी डोक्यातून घालायचा असतो. आईंनी तो बेत लगेच मोडला, "माझा अंबाडा विस्कटेल." म्हणजे पुढून बटणं हवीत. मुलींनो, इथे थोडं गणित. माझ्या हाताने 10 सेंमीत 22 टाके बसतात. पाठ 49 सेंमी हवी, म्हणजे 108 टाके. माझी लाट 12 टाक्यांची, ती बरोबर नऊ वेळा बसली. हा हिशेब जुळला की मला जो आनंद होतो तो घरात कोणाला कळत नाही.

खाली ओल्या वाळूवरच्या वळ्या, म्हणजे दर चौथी ओळ सुलट बाजूने उलट टाक्यांची. त्यावर नागमोडी लाटा. छातीवर जाळं. बटणं करवंटीची. सुरूचं बनही घालायचं मनात होतं, पण आई म्हणाल्या, "सगळा गाव कशाला आणतेस?"

गेल्या आठवड्यात पाठ पुरी झाली. दुपारभर त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोटं खालून वर जात होती. वाळूपाशी भराभर, लाटांपाशी हळू. मध्येच थांबल्या. "इथे लाट फुटली."

पाहिलं तर खरंच, सातव्या लाटेत एक टाका सरकला होता. चष्मा लावून विणणाऱ्या मला तो दिसला नव्हता. वरच्या अठ्ठावीस ओळी उसवाव्या लागणार होत्या.

"उसवू?"

"राहू दे. खडक असेल तिथे." आणि बोट तिथेच ठेवून त्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर वडिलांबरोबर फिरायला जायच्या, ते सांगू लागल्या. हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. लेकीने फोनवर टिपून घेतलं.

समोरचे दोन भाग आणि बाह्या अजून बाकी आहेत. थंडी वाढायच्या आत संपवायचं म्हणते, पण लोकर दोन गुंडे कमी पडणार असं दिसतंय, आणि दुकानदार म्हणतो त्याच रंगाचा तोच लॉट आता नाही. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वेगळा चालेल. पीळ तेवढा तोच बघ."