मुंबईचे सभागृह आणि माणचे मजूर



आमदाराला मत आपण देतो, पण तो मुंबईला जाऊन काय करतो असे विचारले तर पारावर सगळे गप्प. रस्ता, पूल, कुणाची तरी बदली, एवढ्यावरच गाडी थांबते. त्याचे मुख्य काम कायदा करण्याचे.

आपल्या विधिमंडळाची सभागृहे दोन. विधानसभेत आपण थेट निवडलेले २८८ आमदार. विधान परिषदेत ७८. त्यांतले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जिल्हा परिषदा, नगरपालिका वगैरेंचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ जण राज्यपाल नेमतात. पैशाचे विधेयक परिषदेला १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही. मग ही वरची माडी हवी कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. दूधधंद्यासाठी आपण ज्याचे नाव घेतो त्या डेन्मार्कने १९५३ साली वरचे सभागृह मोडलेच. तिथे आता १७९ सदस्यांचे एकच सभागृह आहे.

मला मात्र वि. स. पागे आठवतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले हे गृहस्थ १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी लावून धरली. १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणारे, पाझर तलावावर माती वाहणारे हात माणात घरोघर होते. सुकडीची चव थोरल्यांना अजून आठवते.

पण दुष्काळी काम ही सरकारची मर्जी. आज सुरू, उद्या बंद. १९७७ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना रोजगार हमीचे विधेयक आले. विधेयकाची रीत अशी, की आधी ते मांडतात, मग त्यावर सर्वसाधारण चर्चा होते, मग एकेका कलमावर मत घेतात आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर. एका सभागृहात मंजूर झाले की दुसऱ्यात पुन्हा तेच. हे विधेयक दोन्हीकडे एकमताने मंजूर झाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. खेड्यातल्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क मिळाला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता. (भत्ता हातात पडल्याचे मी फारसे ऐकले नाही, ते सोडा.) पैसा कुठला? १९७५ पासून पगारदारांकडून घेतला जाणारा व्यवसाय कर, आणि त्यात राज्याची भर.

२००५ साली संसदेने असाच कायदा देशभरासाठी केला. पुढे तपशील बदलत गेले. काम मागायला जाल तेव्हा अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. मुदत मोजतात ती त्या तारखेपासून. आणि आमदार गावात आले की हारतुरे झाल्यावर एवढे विचारा : मागच्या अधिवेशनात माणच्या कामांवर तारांकित प्रश्न किती टाकले? मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले असेल तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. ते आश्वासन कोणत्या तारखेचे, तेही लिहून घ्या.