एकच चित्र किती वेळा?

चित्रकलेच्या तासाला 'मनातले चित्र काढा' असे सांगितले, की बहुतेक वह्यांत एकच चित्र दिसते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली भरून वाहणारी नदी, काठावर झोपडी आणि आकाशात चार पक्षी. आपल्या बीड जिल्ह्यात बालाघाटचे डोंगर आहेत. त्यांचे माथे बहुधा सपाट असतात. बिंदुसरा नदीचे पात्र उन्हाळ्यात आटते. हे सारे मुले रोज पाहतात. पण वहीत उतरवत नाहीत. असे का होते? ते पहिले चित्र पाहून कोणीतरी 'शाब्बास' म्हटलेले असते. त्या शाब्बासकीसाठी मूल तेच चित्र पुन्हा काढते आणि हळूहळू आजूबाजूला पाहणेच सोडून देते.

मोठ्या चित्रकारांपुढेही हीच अडचण असते. लोकांना एक शैली आवडली, की ते तशीच चित्रे मागतात. शैली बदलली तर गिऱ्हाईक नाराज होते. बदलली नाही तर स्वतःचे मन नाराज होते. अशा वेळी चित्रकाराने काय करावे?

सैयद हैदर रझा यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म 1922 साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. लहानपणी त्यांचे लक्ष अभ्यासात लागत नसे. तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे एकाग्रतेने पाहायला सांगितले. पुढे रझा नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. 1950 साली ते फ्रान्सला गेले. तेथील गावे, घरे आणि निसर्ग त्यांनी रंगवला. 1956 साली त्यांना पॅरिसमध्ये समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. नाव झाले, चित्रे विकली जाऊ लागली. त्याच वाटेने ते आयुष्यभर सुखाने जाऊ शकले असते.

पण त्यांचे समाधान होईना. या चित्रांत आपले, आपल्या मातीचे काय आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. 1970 नंतरच्या दशकात ते पुन्हा पुन्हा भारतात आले. आपल्या मराठवाड्यातील अजिंठा-वेरूळची लेणी त्यांनी पाहिली. राजस्थान, गुजरात आणि बनारस येथेही ते फिरले. 1980 च्या सुमारास त्यांच्या चित्रांत मोठा काळा बिंदू ठळकपणे दिसू लागला. बालपणी भिंतीवर पाहिलेला ठिपका त्यांना पन्नाशीनंतर नव्याने सापडला होता. जमलेली शैली सोडायला त्या वयात मोठे धैर्य लागते.

पुढे 2016 साली निधन होईपर्यंत बिंदू हीच त्यांची ओळख राहिली. काही जण म्हणाले, की रझा आता त्याच त्या ठिपक्यात अडकले. ही टीका अगदीच चुकीची नाही. सापडलेली वाटसुद्धा सवयीची होऊ शकते.

तरीही प्रत्येक पुनरावृत्ती वाईट असते, असे मला वाटत नाही. उर्दू सुलेखन शिकणारा शागीर्द उस्तादाचा अलिफ शेकडो वेळा गिरवतो. अक्षराची उंची तो नुक्त्यांनी मोजतो. नुक्ता म्हणजे बिंदूच! प्रत्येक वेळी मागची चूक पाहून तो हात सुधारतो. ही मश्क आहे. पण न पाहता, न विचार करता तेच गिरवणे ही मश्क नव्हे, ती नुसती नक्कल आहे. मग ती दुसऱ्याची असो वा स्वतःचीच.

म्हणून माझे मत असे, की शैलीची घाई करू नये. खूप पाहावे, खूप करून पाहावे; शैली आपोआप येते. ती आल्यावरही अधूनमधून स्वतःला विचारावे, 'हे चित्र मी पाहून काढतो आहे, की सवयीने?'

विद्यार्थी मित्रांनो, उद्या चित्रकलेच्या तासाला सपाट माथ्याचा डोंगर काढून पाहा, आटलेली नदी काढून पाहा. पहिले चित्र कदाचित बिघडेल आणि गुणही कमी मिळतील. आम्ही शिक्षकांनीही अशा बिघडलेल्या चित्राला 'शाब्बास' म्हणायला शिकले पाहिजे.