दोन लॅपटॉप, एक भिशी

भाचा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी सलाम करून बसला आणि दोन गेमिंग लॅपटॉपची माहिती पुढे ठेवली. "मामू, कुठला घेऊ? कॉलेजचं कामही व्हायला हवं आणि गेमही." पैसे त्याच्या अम्मीच्या भिशीचे. चुकून चालणार नव्हते.

किंमत जवळपास सारखीच. एकात आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स आणि १६ जीबी रॅम. दुसऱ्यात आरटीएक्स ४०६०, पण रॅम ८ जीबी. भाच्याचा कल १६ कडे.

मी विचारले, "नंतर काय बदलता येईल?" रॅम बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये वाढवता येते, रिकामा स्लॉट आहे का, एवढे दुकानात विचारावे. ग्राफिक्स चिप मात्र बोर्डालाच पक्की जोडलेली असते. ४०५० ची स्वतःची मेमरी ६ जीबी, ४०६० ची ८. थ्रीडी रेंडर असो वा गेम, भार तिच्यावरच येतो.

अजून एक पाहावे. एकाच ४०६० ला कंपन्या ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज देतात. वॅट कमी, तर वेगही कमी. नाव तेच, काम वेगळे!

वजनही हातात घेऊन पाहायला सांगितले. रोज लोकलने जाणाऱ्याला अडीच किलो आणि वर जड चार्जर जाणवतोच.

त्याने दुसरा घेतला. पुढच्या महिन्यात शिकवणीच्या पैशांतून रॅम टाकणार आहे. अम्मीची अट एकच: आधी ड्रॉइंग दाखवायचे, मग गेम.