अहंकार चपलांसोबत बाहेर ठेवा म्हणतात, मग जिऊ-जित्सूच्या अकॅडम्या सारख्या फुटतात कशा?

जुलै 2021. कॅरिबियन समुद्रातलं पोर्तो रिको बेट. ग्रॅपलिंगमधली जगातली सगळ्यात भारी समजली जाणारी टीम न्यूयॉर्क सोडून इथं राहायला आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. नवी अकॅडमी उघडायचं चाललं होतं. आणि अचानक कोच जॉन डॅनहर यांनी सोशल मीडियावर जाहीर केलं की, टीम फुटली.

कुणी मोठी मॅच हरलं नव्हतं, पैशाची चणचण नव्हती. उलट टीम ऐन भरात होती. डॅनहर यांनी दिलेली कारणं साधी होती. अकॅडमी कुठं काढायची यावर एकमत नाही, स्वभाव जुळत नाहीत आणि टीमचं नाव मोठं करायचं की प्रत्येकानं आपापलं, हा वाद. मराठीत सांगायचं तर, एका म्यानात दोन तलवारी राहिल्या नाहीत.

पुढची गंमत अशी की फुटलेले दोन्ही गट जाऊन बसले एकाच शहरात, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये. डॅनहर आणि त्यांचा स्टार खेळाडू गॉर्डन रायन यांनी ‘न्यू वेव्ह’ काढली. क्रेग जोन्स, निक रॉड्रिगेझ, ईथन क्रेलिन्स्टीन यांनी दुसरी अकॅडमी काढली आणि तिला नाव दिलं ‘बी-टीम’. महाराष्ट्राच्या राजकारणात कुणाला ‘बी टीम’ म्हटलं तर लगेच पत्रकार परिषद होते. यांनी स्वतःच स्वतःला ते नाव लावून घेतलं. या बी-टीमच्या संस्थापकांमध्ये आणखी एक नाव होतं, निकी रायन. गॉर्डन रायनचा सख्खा धाकटा भाऊ.

हा खेळ नेमका आहे काय?

ब्राझिलियन जिऊ-जित्सूचं मूळ जपानी ज्युदोत आहे. मित्सुयो माएदा नावाचे जपानी ज्युदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. कार्लोस आणि त्यांचा धाकटा भाऊ हेलिओ यांनी रिओ दि जानेरोमध्ये ही विद्या वाढवली. यात ठोसे-लाथा नाहीत. समोरच्याला जमिनीवर आणायचं, जखडायचं आणि मान आवळून किंवा हात-पाय पिळून शरण आणायचं. शरण येणाऱ्यानं हातानं दोनदा थोपटायचं. त्याला ‘टॅप’ म्हणतात.

हा टॅप फार महत्त्वाचा आहे. रोजच्या सरावात माणूस दहा वेळा टॅप करतो. कधी आपल्यापेक्षा वीस किलोनं हलक्या पोरासमोर, कधी कालपरवा आलेल्या कॉलेजच्या मुलीसमोर. म्हणून जगभरातल्या अकॅडम्यांच्या भिंतीवर एक वाक्य हमखास दिसतं, की अहंकार दाराबाहेर ठेवून आत या. नवा विद्यार्थी ते मुकाट पाळतो, कारण मॅटवर दुसरा पर्यायच नसतो. अडचण वरच्यांची आहे. अकॅडमीचा मालक असलेला मुख्य कोच वय वाढल्यावर रोजच्या सरावातून हळूहळू बाजूला होतो. वर्षानुवर्षं ज्यानं कुणासमोर टॅप केलेला नाही, त्याचा अहंकार उतरवणार कोण?

सगळी सत्ता एका पट्ट्यात

यातलं राजकारण कळायला पट्ट्यांची भानगड कळायला हवी. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि मग काळा. काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षं लागतात. आयबीजेजेएफ या मोठ्या संघटनेचे नियम आहेत, पण ते कमीत कमी किती काळ थांबायचं तेवढंच सांगतात. उदाहरणार्थ, निळ्या पट्ट्यावर किमान 2 वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर 1. त्यानंतर बढती कधी द्यायची, हे पूर्णपणे कोचच्या हातात. बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही, पुनर्तपासणीचा अर्ज तर नाहीच. एक दिवस सगळ्यांना रांगेत उभं करतात, कोच नाव पुकारतो आणि कंबरेला नवा पट्टा बांधतो.

म्हणजे दहा वर्षांच्या मेहनतीवर शिक्का मारणारा माणूस एकच. तो फी ठरवतो, स्पर्धेला कुणाला पाठवायचं ते ठरवतो, लहान मुलांचे क्लास कुणी घ्यायचे तेही तोच ठरवतो. अनेक ठिकाणी गणवेशावर त्याच्याच अकॅडमीचं चिन्ह लावावं लागतं. जुन्या वळणाच्या अकॅडमीत तर दुसरीकडे सरावाला जायचं असेल तरी परवानगी घ्यावी लागते. पट्टा रखडला तर कारण विचारायची सोय नसते, कारण विचारणं हाच उद्धटपणा ठरतो. मग विद्यार्थी अंदाज बांधत बसतात. तो सरांच्या गाडीतून स्पर्धेला जातो म्हणून त्याला मिळाला, मी गेल्या महिन्यात दुसऱ्या जिममध्ये दिसलो म्हणून मला नाही. यातलं खरं किती हे कुणालाच कळत नाही, आणि नेमकी तिथंच गटबाजी सुरू होते.

आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादाचा शब्दही असाच चालतो, असं कुणी म्हणेल. पण कुस्तीत एक सोय आहे. पोरगं आखाड्यात कुस्ती मारतं आणि ते सगळं गाव बघतं. जिऊ-जित्सूत स्पर्धा खेळणारे थोडे. बाकीचे नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी येणारे. त्यांच्याकडे आपली लायकी दाखवायला पट्ट्याशिवाय दुसरं काही नसतं.

भांडणांचा इतिहास खेळाइतकाच जुना

हेलिओ ग्रेसींच्या अकॅडमीत वाल्देमार सांताना नावाचा तरुण होता. तिथंच काम करायचा, तिथंच शिकायचा. पुढं गुरूशी बिनसलं आणि वाद थेट लढतीपर्यंत गेला. 24 मे 1955 रोजी रिओमध्ये दोघं समोरासमोर आले. हेलिओ 41 वर्षांचे, सांताना ऐन पंचविशीत. लढत साडेतीन तासांहून जास्त चालली. शेवटी सांतानाच्या लाथेनं हेलिओ कोसळले. शिष्यानं गुरूला हरवलं, पण ग्रेसी घराण्यासाठी विषय तिथं संपणार नव्हता. पुतण्या कार्लसन ग्रेसी पुढे आला आणि त्यानं पुढच्या वर्षी सांतानाला हरवून काकाच्या पराभवाचा वचपा काढला.

त्याच दशकातली दुसरी गोष्ट. रिओच्या गरीब उपनगरात ओस्वाल्दो फाद्दा नावाचे शिक्षक होते. त्यांच्याकडे शिकायला ग्रेसींसारखी श्रीमंत घरची गिऱ्हाइकं येत नव्हती. त्यांनी ग्रेसींना आव्हान दिलं आणि त्यांची पोरं पाय पिळण्याचे डाव टाकून जिंकली. यावर डाव शिकून घ्यायचा की हसण्यावारी न्यायचा? प्रतिष्ठित मंडळींनी पायाच्या डावांना ‘सापातेरो’चे डाव म्हणून हिणवलं. सापातेरो म्हणजे जोडे शिवणारा. या टोमण्यात खेळाचा भाग किती आणि वर्गाचा किती, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. नंतर कित्येक वर्षं पायाचे डाव हलकेच समजले गेले. त्याच डावांचा पद्धतशीर अभ्यास करून डॅनहर यांनी न्यूयॉर्कमध्ये रेन्झो ग्रेसींच्या अकॅडमीच्या तळघरात आपली टीम उभी केली आणि भल्याभल्यांना टॅप करायला लावलं. अहंकारापायी एका अख्ख्या खेळानं अर्धं शरीर दुर्लक्षित ठेवलं होतं.

वचपा काढणारे कार्लसन ग्रेसी पुढे स्वतः मोठे गुरू झाले. टीम बदलणाऱ्याला ते ‘क्रिओन्ते’ म्हणायचे, म्हणजे गद्दार. ब्राझीलमधल्या एका टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून त्यांनी हा शब्द उचलला, असं सांगतात. आज जगभरातल्या जिऊ-जित्सूत ही शिवी चालते. पण नशीब बघा. 2000 मध्ये कार्लसन यांचेच बिनीचे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी ‘ब्राझिलियन टॉप टीम’ काढली. त्यातले रिकार्दो लिबोरिओ वर्षभरात तिथूनही निघाले आणि फ्लोरिडात ‘अमेरिकन टॉप टीम’च्या स्थापनेत सहभागी झाले. 2002 मध्ये ‘अलायन्स’ फुटली, त्यातून ‘ब्रासा’ निघाली. मग ब्रासाही फुटली. आज ज्या मोठ्या टीमची नावं घेतली जातात, त्यातल्या बऱ्याच अशा कुठल्या ना कुठल्या फुटीतून जन्मल्या आहेत. म्हणजे निष्ठेची शपथ घ्यायला लावणारे अनेक जण कधीकाळी स्वतः क्रिओन्ते होते.

घराणंही सुटलं नाही. रोरियन ग्रेसी यांनी अमेरिकेत ‘ग्रेसी जिऊ-जित्सू’ या नावावर हक्क सांगितला, तेव्हा त्यांचे चुलत भाऊ कार्ली ग्रेसी कोर्टात गेले. आडनाव वापरायचं कुणी, यावर भावाभावांत खटला चालला आणि त्या नावावर रोरियन यांची मक्तेदारी काही टिकली नाही.

पैसा आला आणि गणित बदललं

पूर्वी खेळाडूला अकॅडमी सोडणं परवडत नसे. सराव तिथं, क्लास घेऊन मिळणारं मानधन तिथं, ओळखही तिथलीच. आता नावाजलेला खेळाडू आपल्या डावांचे व्हिडिओ विकतो, वीकेंडला सेमिनार घेतो, इन्स्टाग्रामवर स्वतःचा चाहतावर्ग तयार करतो. गिऱ्हाईक अकॅडमीचं नाही, त्याचं असतं. कोचला वाटतं, घडवलं मी आणि कमावतो हा. खेळाडूला वाटतं, घाम माझा आणि भिंतीवर फोटो यांचा. दोघांचंही थोडं खरं असतं. डॅनहर यांच्या टीमचं भांडण याच जागेवर आलं होतं.

पण स्टार खेळाडू दुसऱ्या दिवशी नवी अकॅडमी काढू शकतो. महिन्याची फी भरणाऱ्या साध्या विद्यार्थ्याचं तसं नाही. त्याला बाजू निवडावी लागते. सोडलं तर नव्या ठिकाणी पुन्हा ओळख करून द्यायची, नव्या कोचनं पुढचा पट्टा द्यायला आणखी दोन वर्षं लावायची, आणि जुन्या मित्रांनी रस्त्यात तोंड फिरवायचं. याहून गंभीर गोष्ट तक्रारीची आहे. कोचनं पैशात घोळ केला, एखाद्या मुलीला त्रास दिला, दुखापत झाल्यावर हात वर केले, तर दाद मागायची कुणाकडे? पट्टा तोच देणार, आणि त्याच्याविरुद्ध बोलणारा गद्दार ठरणार. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य अशा वेळी फार सोयीचं पडतं. अकॅडमी निवडताना म्हणूनच भिंतीवरचे मेडल बघण्यापेक्षा सोडून गेलेल्यांबद्दल तिथं काय बोललं जातं, ते कान देऊन ऐकलेलं बरं.

ऑस्टिनच्या दोन अकॅडम्यांचं पुढं काय झालं? 2022 मध्ये लास वेगासला एडीसीसी ही या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा झाली. 99 किलोवरच्या गटाच्या फायनलमध्ये समोरासमोर आले गॉर्डन रायन आणि निक रॉड्रिगेझ, म्हणजे न्यू वेव्ह आणि बी-टीम. रायननं जुन्या सहकाऱ्याला पायाच्याच डावात अडकवून दोन मिनिटांच्या आत टॅप करायला लावलं. एडीसीसीत पुरुष विजेत्याला बक्षीस मिळायचं 10 हजार डॉलर. हे फार कमी आहे म्हणत क्रेग जोन्सनं ऑगस्ट 2024 मध्ये त्याच शहरात, त्याच वीकेंडला स्वतःची स्पर्धा लावली. तिथं नुसत्या सहभागाचे 10 हजार 1 डॉलर. तो वरचा एक डॉलर फक्त डिवचायला. दोन गटांच्या विजेत्यांना प्रत्येकी 10 लाख डॉलर, म्हणजे आठ कोटी रुपयांहून जास्त. त्या वीकेंडला गॉर्डन रायन एडीसीसीच्या सुपरफाइट खेळून जिंकला. त्याच शहरातल्या दुसऱ्या मैदानात वरच्या वजनगटाचे 10 लाख डॉलर निक रॉड्रिगेझनं नेले.