विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास: नव्या नियमांनंतर पाण्याच्या नमुन्याचे महत्त्व

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. रसायनांमुळे जमीन आणि भूजल खराब झाले असेल, तर ते कोणी शोधायचे, कोणी तपासायचे आणि शुद्धीकरणाचा खर्च कोणी द्यायचा, हे या नियमांत टप्प्याटप्प्याने ठरवून दिले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यासाठी हा विषय दूरचा नाही. नगर तालुक्यात अकोळनेर येथे पेट्रोल-डिझेलचे डेपो आहेत. गुजरातमधील कोयलीहून अहमदनगरमार्गे सोलापूरला जाणाऱ्या इंडियन ऑइलच्या सुमारे ७४७ किलोमीटरच्या इंधनवाहिनीचा मार्ग जिल्ह्यातून आहे. शिवाय गावोगावी पंपांच्या जमिनीखालील टाक्या आहेत. याचा अर्थ गळती होतेच आहे, असा नाही. पण जमिनीखालची गळती डोळ्यांना दिसत नाही. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये लोकांना बोअरच्या पाण्यात इंधन आढळले, तेव्हा भारत पेट्रोलियमच्या वाहिनीची गळती चर्चेत आली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले.

नियमांत काय आहे?

- जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित स्थळांची माहिती द्यायची आहे.
- माहिती मिळाल्यावर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करायचे आहे.
- प्रदूषण सिद्ध झाल्यास जबाबदार कोण, हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने शोधायचे आणि शुद्धीकरणाचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा आहे.

म्हणजे पहिली नोंद जिल्ह्यातूनच व्हायची आहे. तुमच्या विहिरीची तक्रार लेखी आणि पुराव्यासह गेली नाही, तर पुढचे टप्पे सुरू होणे कठीण. या पुराव्याचा कणा म्हणजे पाण्याचा नमुना.

आपल्या खडकात तेल कसे पसरते?

जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. पाणी वरच्या मुरमात आणि खालच्या खडकाच्या भेगांत असते. त्यामुळे इंधन सर्व बाजूंना सारखे पसरत नाही, भेगेच्या दिशेने जाते. एका विहिरीला वास येतो आणि बांधापलीकडची विहीर स्वच्छ राहते, असे होऊ शकते. शेजाऱ्याची विहीर चांगली आहे, एवढ्यावरून तुमची तक्रार खोटी ठरत नाही.

पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगते, पण त्यातील बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन हे घटक काही प्रमाणात पाण्यात विरघळतात. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेल मुरमाला चिकटून राहते आणि पावसाळ्यानंतर पाणी चढले की पुन्हा वर येते. म्हणून एकाच तपासणीवर निष्कर्ष काढू नये. किमान मे आणि ऑक्टोबर असे दोन नमुने हवेत.

शेतातील विहीर का पुरत नाही?

उघड्या विहिरीतील पाणी हवेच्या संपर्कात असते. बेंझिनसारखे घटक उडून जातात. इंजिनचे डिझेल किंवा मोटरचे ऑइल विहिरीत पडले असेल, तर गोंधळ आणखी वाढतो. यासाठी निरीक्षण विहिरी घेतात. त्या कमी व्यासाच्या असतात, ठरावीक खोलीवर जाळीची नळी बसवलेली असते आणि तोंडाशी सील व झाकण असते. टाकीच्या वरच्या अंगाला किमान एक आणि भूजल वाहते त्या खालच्या अंगाला दोन-तीन विहिरी असल्या, तरच तुलना करता येते.

नमुना घेताना काय पाहावे?

नमुना प्रशिक्षित माणसानेच घ्यावा. पण तुम्ही तिथे उभे राहून पुढील गोष्टी पाहू शकता.

१. आधी पाण्याची पातळी आणि वर तेलाचा थर आहे का, हे मोजावे.
२. नळीत साचलेले जुने पाणी काढून टाकावे. साधारण नियम साठ्याच्या तिप्पट पाण्याचा आहे. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत ६ मीटर पाणी असेल, तर साठा सुमारे ४७ लिटर होतो, म्हणजे १४० लिटर उपसावे लागते. हे पाणी शेतात सोडू नये, पिंपात साठवावे.
३. सामू, क्षारता आणि तापमान यांची लागोपाठची तीन वाचने स्थिर झाल्यावरच नमुना घ्यावा.
४. बेंझिनसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू नये. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत अर्धवट भरलेला नमुना निरुपयोगी आहे.
५. नमुना बर्फात, सुमारे ४ अंश सेल्सिअसवर प्रयोगशाळेत जावा.
६. आधी स्वच्छ आणि शेवटी संशयित विहीर घ्यावी. जवळ जनरेटर चालू नसावा.
७. बाटलीवर तारीख, वेळ, विहिरीचा क्रमांक आणि सही असावी. बाटली कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंद ठेवावी.

अहवाल कसा वाचावा?

'आढळले नाही' या शब्दांवर थांबू नका. प्रयोगशाळा किती कमी प्रमाण मोजू शकते, तो आकडा पाहा. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेची मोजण्याची मर्यादा याहून जास्त असेल, तर 'आढळले नाही' याला अर्थ नाही. नेहमीच्या पाणी तपासणीत सामू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड पाहतात. इंधनाचे घटक वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात.

वास आला तर आज काय करावे?

- ते पाणी पिण्यास, जनावरांना आणि फवारणीला वापरू नका.
- विहिरीत उतरू नका, जवळ विडी किंवा काडी पेटवू नका, मोटर चालू करू नका. बाष्पाने गुदमरण्याचा आणि पेट घेण्याचा धोका असतो.
- पाण्यावरचा तवंग काडीने हलवा. तुकडे होऊन वेगळे राहिले, तर तो बहुधा लोहजिवाणूंचा असतो. पुन्हा एकत्र जुळला, तर इंधनाची शंका घ्या.
- तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ नुसार मंडळाला विहिरीचा नमुना घेण्याचा अधिकार आहे. खासगी अहवाल अर्जाला जोडा, पण मंडळाच्या नमुन्याचा आग्रह धरा.
- पहिल्यांदा वास आल्याची तारीख लिहून ठेवा. हरित लवादाकडे भरपाई मागण्याची मुदत पाच वर्षांची आहे.

विस्तार कर्मचाऱ्यांनी डेपो, इंधनवाहिनी आणि पंपांजवळच्या विहिरींची यादी आत्ताच करावी. आज पाणी स्वच्छ असताना घेतलेला नमुनाच उद्या पाणी बिघडल्याचे दाखवू शकेल.