हात मागे ठेवण्याची विद्या

परवा मेथी निवडता निवडता शेजारच्या वहिनींनी विषय काढला. लेकीच्या शाळेतल्या बाईंनी त्यांना निरोप धाडला होता, "गाईड पथकासाठी मदतनीस हवी आहे, शनिवारचे दोन तास याल का?" वहिनी मला म्हणाल्या, "अहो, मला ना गाठी मारता येत, ना शिट्टी फुंकता येत. शिवाय पैसे नाहीत म्हणे! घरचं सोडून या लष्कराच्या भाकऱ्या मी कशाला भाजू?"

मला हसूच आलं. सहा वर्षांपूर्वी हेच शब्द माझ्या तोंडी होते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. "तुम्हांला तास कमी आहेत" एवढ्या एकाच गुणावर गाईडचं पथक माझ्या गळ्यात पडलं.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरात तो निळा गणवेश आणि गळ्यातला स्कार्फ असतो. तो धुऊन, इस्त्री करून देणं एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण त्या पथकामागे कुणीतरी मोठं माणूस उभं असावं लागतं. दहा वर्षांपुढच्या मुली गाईड, त्यांच्या प्रमुख बाई म्हणजे कॅप्टन. त्याहून लहान मुली बुलबुल, त्यांची फ्लॉक लीडर. दोघींच्याही हाताखाली मदतनीस असतात. काम बिनपगारी. आठवडाभराचा निवासी बेसिक कोर्स करावा लागतो, तिथे गाठी, शिट्ट्या, प्रथमोपचार सगळं शिकवतात. तेव्हा गाठी येत नाहीत ही सबब चालायची नाही! मी कोर्सला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जा गं. आठ दिवस पिठलं-भात खाल्ला म्हणून कुणी मरत नाही."

गाठी मला दोन दिवसांत आल्या. आली नाही ती दुसरीच गोष्ट, आणि तीच सांगायला आज बसले आहे.

पहिल्याच वर्षी आम्ही गावाबाहेरच्या आमराईत बिनभांड्याचा स्वयंपाक ठेवला. तवा, पातेलं काही न्यायचं नाही. कणीक पानावर मळायची, बट्ट्या आणि बटाटे निखाऱ्यांत भाजायचे. सहा ते आठ मुलींची एक टोळी असते आणि तिची नायिका मुलींतलीच असते. एका टोळीची नायिका होती सातवीतली एक अबोल मुलगी. तिची चूल काही केल्या पेटेना. ओली काटकी, नुसता धूर, डोळ्यांतून पाणी. बाकीच्या टोळ्यांचे निखारे तयार झालेले. मला राहवेना. "सर बघू बाजूला," म्हणून मी तिला हातानंच दूर केलं, पदर खोचला, चूल पेटवली, कणीक मळली, बट्ट्याही मीच भाजल्या. छान खरपूस झाल्या! सगळ्यांनी वाहवा केली. मी खूश.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वर्गात गाठून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "बाई, सगळं तुम्हीच करणार होतात, तर मला नायिका कशाला केलंत?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. रागवायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं.

त्या रात्री कोर्सची वही काढून पाहिली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा वीसेक मुलांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळी एका मुलाच्याच हाती सोपवली. साऱ्या स्काऊटिंगचा पाया तो. मुलींची कथा तर आणखी गमतीची. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला. तिथे काही मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या, "आम्हांलाही घ्या" म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ निघाली आणि १९११ मध्ये जबलपूरला आपल्याकडची पहिली कंपनी सुरू झाली. म्हणजे मुलींनी पुढं होऊन मागून घेतलेली ही गोष्ट, आणि मी एका मुलीला चुलीपासून मागं सारलं होतं.

मी तिची माफी मागितली. होय, सातवीतल्या मुलीची. ती परत आली. पुढच्या खेपेला मी दोन्ही हात पाठीमागं धरून झाडाला टेकून उभी राहिले. खरं सांगते, चूल पेटवण्यापेक्षा ते अवघड होतं. बटाटे वरून कोळसा आणि आतून कच्चे निघाले. पोरींनी ते मीठ लावून, खिदळत खाल्ले. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र तिनं आदल्या दिवशीच वाळक्या काटक्या जमवून ठेवल्या होत्या. मी सांगितलं नव्हतं.

आपली सवयच तशी असते ना? लेकीची पोळी वाकडी झाली की लाटणं आपण ओढून घेतो. मुलाचं दप्तर आपणच भरतो. मग दिवसभर कुरकुरतो, "माझ्यावाचून या घरात पान हलत नाही!" त्या कुरकुरीत थोडा अभिमानही असतो, हे मी आधी माझ्यापुरतं कबूल करते. पथकानं मला शिकवलं की पान आपल्यावाचूनही हलावं, यातच आपलं काम आलं. मागच्या वर्षी मी तापानं पडून होते, तेव्हा मदतनीस बाई नुसत्या बसून होत्या आणि सभा नायिकांनी घेतली. ध्वज, प्रार्थना, खेळ, हजेरी, सगळं झालं. ऐकून आधी डोळ्यांत पाणी आलं, आणि मग, काय सांगू, जरासं वाईटही वाटलं!

कुणी हे काम घ्यायचं म्हणत असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी :

एकटीनं अंगावर घेऊ नका. सहलीला किंवा शिबिराला किमान दोन मोठ्या बायका हव्यातच. एखादी मुलगी आजारी पडली, तर एक तिच्यापाशी राहील, दुसरी बाकीच्यांपाशी.

पालकांची लेखी संमती घ्या. कुणाला दमा आहे, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, याची यादी प्रथमोपचाराच्या पेटीतच ठेवा.

विस्तव, पाणी आणि रस्ता या तीन ठिकाणी हात मागे ठेवायचे नाहीत. तिथे आपणच उभं राहायचं. बाकी पोळी करपली, तंबू कलला, तर कलू द्या.

'खरी कमाई'च्या दिवसांत मुली घरोघर छोटी कामं करून पैसे मिळवतात. तुमच्या दारी आल्या तर नुसते पैसे हातावर ठेवून वाटेला लावू नका. काम द्या, आणि ते नीट झालं का तेही पाहा.

आणि घरी आधीच सांगून टाका, शनिवारचे दोन तास माझे नाहीत. आमच्याकडे आता शनिवारचा चहा हे करतात. साखर जास्त पडते. मी काही बोलत नाही. हात मागे!

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. मेथी निवडून झाली होती. उठता उठता म्हणाल्या, "गाठी शिकवाल ना मला आधी?" म्हटलं, "मी नाही हो. तुमची लेक शिकवेल. तिला विचारा."