वीस ग्रॅमचं ‘नॅनो’

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. 2016 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल सोव्हाज, स्टोडार्ट आणि फेरिंगा यांना मिळालं, ते या मापाची यंत्रं घडवल्याबद्दल. फेरिंगांच्या गटाने तर 2011 साली एका रेणूची चारचाकी केली आणि ती तांब्याच्या पृष्ठभागावर पुढे सरकवून दाखवली.

जालन्यातल्या कृषी सेवा केंद्रात ‘नॅनो’ म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली. कधी मागून घेतलेली, कधी गोणीसोबत गळ्यात मारलेली. त्याला ‘लिंकिंग’ म्हणतात.

मोबाइल हातात आहेच, हिशोब करा. 2021 साली नॅनो युरिया आला तेव्हा त्यात नत्र 4 टक्के, म्हणजे बाटलीत साधारण 20 ग्रॅम. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20 किलोंहून जास्त. आणि दावा काय, तर एक बाटली म्हणजे एक गोणी! गोणीतलं बरंच नत्र वाया जातं, मान्य. निम्मं गेलं तरी दहा किलो उरतं की राव. पानांनी थेंबन्‌थेंब शोषला तरी 20 ग्रॅमचे दहा किलो कसे होणार? पुढे नत्र 20 टक्क्यांवर नेलं. झाले 100 ग्रॅम.

नत्राचं खरं नॅनोयंत्र बघायचं असेल तर तुरीचं झाड उपटा. मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात आणि त्यांच्यात नायट्रोजनेज हे विकर. हवेतलं नत्र फोडून त्याचा अमोनिया करणारं. त्याची जाहिरात कुणी करत नाही.

मुंबईच्या आयसीटीचं केंद्र जालन्यात आहे, कृषी विद्यापीठ शेजारी परभणीत. दोघांनी मिळून इथल्याच कपाशीत बाटली आणि गोणीचे प्लॉट शेजारी शेजारी घ्यावेत, उताऱ्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. तोवर लिंकिंगची बाटली काउंटरवरच ठेवा आणि गोणीची पक्की पावती मागा.